२५ मीटर पिस्तुलासाठी जादा मॅगझिन घेताय? आधी एवढं तपासा

कोल्हापुरात पोरगा किंवा पोरगी दहा मीटर एअर पिस्तुलावरून २५ मीटरकडे वळली की घरात आधी पिस्तुलाच्या किमतीवर चर्चा होते, मग काडतुसांच्या खर्चावर. मॅगझिनचा, म्हणजे काडतुसं भरून पिस्तुलात बसवायच्या नळीचा, विषय सगळ्यात शेवटी निघतो, तोही बहुतेक वेळा स्पर्धेत काहीतरी अडकल्यावर. एअर पिस्तुलाला मॅगझिनच नसल्यामुळे हे साहजिक आहे. तिथं एक छर्रा घालायचा आणि एक शॉट मारायचा. .२२ च्या स्पोर्ट पिस्तुलात मात्र पाच काडतुसं एकामागून एक, एकाच कोनात वर यावी लागतात.

पिस्तुलासोबत कंपनीचं एक किंवा दोन मॅगझिन येतात. तिसरं हवं झालं, एखादं पडून वाकलं किंवा जुनं पिस्तूल घेतलं आणि त्याचं मूळ मॅगझिनच मिळेना, की दुसऱ्या कंपनीच्या मॅगझिनचा पर्याय पुढे येतो. ते घ्यावं का? घ्यायला हरकत नाही. पण तुमच्या पिस्तुलात, तुमच्या काडतुसांनी ते पास झाल्याशिवाय स्पर्धेच्या पेटीत जाता कामा नये. ते पास कसं करायचं, हे या लेखात क्रमानं सांगतो.

एवढी काळजी कशासाठी, ते आधी पाहू. २५ मीटर पिस्तूल प्रकारात ३० शॉट प्रिसिजनचे आणि ३० रॅपिडचे असतात. प्रिसिजनमध्ये पाच शॉटना पाच मिनिटं मिळतात, त्यामुळे जीव थाऱ्यावर असतो. रॅपिडमध्ये हात ४५ अंशांत खाली ठेवून थांबायचं, दिवा हिरवा झाला की तीन सेकंदांत उचलून एक शॉट, मग सात सेकंद थांबायचं आणि पुन्हा तेच, असं पाच वेळा. तिसऱ्या शॉटला काडतूस वर आलंच नाही तर पुढचे शॉट त्या लयीत जात नाहीत. पंचांनी अडथळा मान्य केला तरी मालिका पूर्ण करताना मनातली धाकधूक आपल्यालाच सांभाळावी लागते. आपल्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा बरोबरी सुटायला दोन शूट-ऑफ लागले. एवढ्या बारीक फरकानं पदकं ठरतात, तिथं मॅगझिनच्या चुकीला जागाच उरत नाही.

पहिली पायरी: कायदा

हे आधी सांगतो, कारण आपल्या गावात मोह मोठा आहे. उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत कुठलाही पार्ट दाखवा, 'करून देतो की, त्यात काय एवढं' असं म्हणणारा कारागीर भेटतोच. त्याच्या हातात कसब असतं आणि त्याचा हेतूही मदतीचाच असतो. पण शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे सुटे भागही शस्त्रातच मोडतात आणि परवान्याशिवाय शस्त्र बनवणं किंवा दुरुस्त करणं, दोन्हीला मनाई आहे. मॅगझिनची नक्कल करून घेणं, तोंडाच्या कडा (लिप्स) वाकवून घेणं, नवी तळपट्टी घडवून घेणं, यातलं काहीही परवाना नसलेल्या वर्कशॉपमध्ये करू नका. त्या कारागिरालाही अडचणीत आणाल आणि स्वतःही याल.

परदेशी वेबसाइटवरून कुरिअरनं मागवणं हाही मार्ग नाही. आयातीला परवाना लागतो. परवानाधारक विक्रेत्याकडून, आपल्या परवान्यावर, पक्कं बिल घेऊनच खरेदी करा आणि ते बिल परवान्याच्या फाइलमध्येच लावा. काही शंका असली तर जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शस्त्र परवाना शाखेत जाऊन विचारा. रेंजवरच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

दुसरी पायरी: आत काय चालतं ते समजून घ्या

मॅगझिन म्हणजे पत्र्याची किंवा पॉलिमरची नळी. तिच्या तळाला तळपट्टी, आत स्प्रिंग, स्प्रिंगवर फॉलोअर, आणि वरच्या तोंडाशी आत वळलेल्या दोन कडा, म्हणजे लिप्स. फॉलोअर काडतुसांना खालून ढकलतो आणि लिप्स त्यांना धरून ठेवतात. बोल्ट, म्हणजे पिस्तुलातला मागे-पुढे सरकणारा भाग, पुढे जाताना वरच्या काडतुसाच्या मागच्या कडेला ढकलतो, काडतूस लिप्समधून सुटतं, त्याचं नाक रॅम्पवरून (चढावरून) चढून चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसायच्या जागेत, शिरतं. काडतूस नेमकं कुठं सुटायचं आणि सुटताना नाक किती वर असायचं, हे लिप्स ठरवतात. म्हणून मॅगझिनमधला सगळ्यात नाजूक आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग लिप्स हाच.

.२२ लाँग रायफल काडतुसाची गोष्ट आणखी थोडी वेगळी आहे. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेमागे अडकली, तर वरचं काडतूस पुढे सरकताना खालच्याला ओढत नेतं आणि दोन्ही अडकून बसतात. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस पूर्ण मागे सरकवून, आधीच्याच्या कडेपुढे दुसऱ्याची कड येईल असं बसवायचं. शिवाय .२२ ची गोळी उघड्या शिशाची आणि वरून मेणाचा हात दिलेली असते. शिसं मऊ असल्यानं रॅम्पवर नाक ठेचतं, आणि मेण मॅगझिनच्या आत साचत राहतं. (.३२ चं पिस्तूल असणाऱ्यांसाठी जाता जाता सांगतो: त्या काडतुसालाही कड असते, त्यामुळे भरण्याची हीच काळजी तिथंही लागू आहे.)

तिसरी पायरी: कोणतं घ्यायचं

कंपनीबाहेरचं मॅगझिन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एकदम डुप्लिकेट माल येतो. तसं सरसकट नसतं. इटलीतली मेक-गार ही कंपनी कितीतरी नावाजलेल्या पिस्तूल कंपन्यांना मॅगझिन बनवून देते आणि स्वतःच्या नावानंही विकते. उलट मूळ पिस्तुलाशी संबंध नसलेल्या कुणीतरी अंदाजानं मोजमाप घेऊन बनवलेली मॅगझिनही बाजारात असतात. दुकानात दोन्ही एकाच काचेखाली दिसतात.

नुसत्या नावावर भरवसा ठेवू नये, याचं एक उदाहरण सांगण्यासारखं आहे. अमेरिकी सैन्याच्या बेरेटा एम९ पिस्तुलांसाठी कंत्राटानं बनवून घेतलेली मॅगझिन इराकच्या धुळीत अडकू लागली. मॅगझिनवर आतून-बाहेरून जो खडबडीत फॉस्फेटचा थर दिला होता, त्यात बारीक वाळू धरून बसायची आणि फॉलोअर वर सरकेना. तो थर सैन्यानंच मागितलेला होता. म्हणजे मोजमाप बरोबर, मालही नवा, तरी आतल्या पृष्ठभागानं घात केला. म्हणून मॅगझिन हातात घेतल्यावर आतली बाजू किती गुळगुळीत आहे, हे मी सगळ्यात आधी बघायला सांगतो.

मॉडेलचं नाव अचूक सांगा. एकाच कंपनीच्या दोन पिस्तुलांची मॅगझिन एकमेकांत बसतीलच असं नाही, आणि कधी कधी बसतात पण चालत नाहीत, ते जास्त वाईट. वॉल्थर जीएसपी किंवा पार्दिनी एसपीमध्ये मॅगझिन ट्रिगरच्या पुढे असतं. हॅमर्ली २०८ किंवा एक्स-एसेमध्ये मुठीत. मुठीतल्या मॅगझिनला कुणी लांबडी तळपट्टी लावून विकत असेल तर लगेच भुलू नका. स्पर्धेच्या नियमानं पिस्तूल ३०० बाय १५० बाय ५० मिलिमीटरच्या मोजमापाच्या पेटीत मावलं पाहिजे आणि रिकाम्या मॅगझिनसकट वजन १४०० ग्रॅमच्या आत पाहिजे. स्पर्धेत एका वेळी पाचच काडतुसं भरायची असतात, त्यामुळे जास्त क्षमतेचा इथं उपयोगही नाही.

चौथी पायरी: दुकानातच पाहून घ्या

सोबत कंपनीचं चांगलं चालणारं मॅगझिन घेऊन जा. रिकामं, अर्थात. दोन्ही शेजारी शेजारी धरा आणि वरून लिप्सकडे बघा. दोन्ही लिप्स सारख्या वळल्या आहेत का? एकीची धार बोटाला लागते का? पुढे त्या जिथं संपतात ती जागा दोन्हींत एकाच अंतरावर आहे का? वेल्डिंगची शिवण आत उमटली असेल तर फॉलोअर तिथं घासणार. पेन्सिलीच्या मागच्या टोकानं फॉलोअर तळापर्यंत दाबा आणि हळूहळू सोडा. तो सरळ वर यायला हवा. मध्ये थबकला किंवा तिरका झाला, तर ते मॅगझिन तिथंच परत करा.

आपल्याकडे बऱ्याच घरांत कुणी ना कुणी मशीन शॉपमध्ये असतं, त्यामुळे व्हर्नियर मिळणं अवघड नाही. मोजायला काही परवाना लागत नाही. लिप्समधलं अंतर मागच्या टोकाला, मध्ये आणि पुढच्या टोकाला मोजा आणि कंपनीच्या मॅगझिनशी ताडून बघा. मग मॅगझिन कॅच ज्या खाचेत अडकतो, ती खाच वरच्या तोंडापासून किती अंतरावर आहे ते मोजा. हे माप फार कमी लोक घेतात, आणि गडबड नेमकी तिथंच असते. खाच थोडी वर गेली की मॅगझिन पिस्तुलात खाली बसतं, मग बोल्ट काडतुसाच्या कडेला जेमतेम शिवून वरून निघून जातो. खाच खाली असली की मॅगझिन वर बसतं आणि बोल्टला घासतं.

रिकाम्या पिस्तुलात बसवून बघायचं असेल तर ते परवानाधारकानं, विक्रेत्याच्या संमतीनं, चेंबर रिकामा असल्याची दोघांनी खात्री करून. क्लिक ऐकू येतो का, बटण दाबल्यावर मॅगझिन सहज सुटतं का, आणि बसल्यावर किती हलतं, एवढं पुरे.

पाचवी पायरी: नंबर द्या

आणलेल्या दिवशीच प्रत्येक मॅगझिनच्या तळपट्टीवर रंगानं नंबर टाका. जुन्या, कंपनीच्या मॅगझिनवरसुद्धा. नंबर नसेल तर 'परवा एकदा अडकलं होतं' यापलीकडे कुणी काही सांगू शकत नाही. एक साधी वही करा: तारीख, मॅगझिनचा नंबर, काडतुसाचं नाव आणि लॉट, किती शॉट, काय अडचण आली आणि ती कितव्या काडतुसाला आली. शेवटचा रकाना सोडू नका, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

सहावी पायरी: रेंजवर चाचणी

घरी जिवंत काडतुसं घालून बोल्ट मागे-पुढे करून बघणं पूर्णपणे वर्ज्य. भरायचं ते फक्त रेंजवर, फायरिंग लाइनवर, प्रशिक्षकाच्या आज्ञेनंतर. दुधाळीच्या रेंजवर असा किंवा विभागीय क्रीडा संकुलात, हा नियम बदलत नाही.

किती शॉट मारले म्हणजे मॅगझिन पास? इथं बहुतेकांचा अंदाज चुकतो. पाच-दहा वेळा भरून मारलं, काही अडकलं नाही, की 'एक नंबर चालतंय' म्हणून पेटीत टाकतात. संख्याशास्त्रात याचा एक सोपा हिशेब आहे. एकही अडचण न येता जेवढे शॉट झाले, त्या आकड्यानं तीनला भागा. अडचणीचं खरं प्रमाण जास्तीत जास्त एवढं असू शकतं, असं साधारण ९५ टक्के खात्रीनं म्हणता येतं. १०० शॉट बिनचूक गेले, तर प्रमाण ३ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ३०० गेले, तर १ टक्क्यापर्यंत. आता १ टक्का ऐकायला किरकोळ वाटतो, पण शंभरात एक अडकणाऱ्या मॅगझिननं ६० शॉटची स्पर्धा एकदाही न अडकता पार पडण्याची शक्यता फक्त ५५ टक्के निघते. हजारात एक अडकणाऱ्यानं ती ९४ टक्के होते.

एवढी काडतुसं चाचणीतच घालवायची का, असा प्रश्न पालक हमखास विचारतात, आणि तो रास्त आहे. वेगळी घालवायची गरज नाही. सरावात शॉट मारायचेच असतात, ते नव्या मॅगझिनमधून मारा आणि वहीत लिहीत जा. ३०० शॉट म्हणजे पाचच्या हिशेबानं ६० वेळा भरणं. सरावाच्या ओघात ते आपोआप होतं. तोवर स्पर्धेला कंपनीचंच मॅगझिन न्या. यातले निम्मे तरी शॉट रॅपिडच्या लयीत असू द्या, आणि शेवटचे काही मॅगझिन मुद्दाम साफ न करता मारा, कारण स्पर्धेत सुरुवातीला स्वच्छ असलेलं मॅगझिन शेवटी स्वच्छ राहत नाही.

काडतुसं स्पर्धेत वापरणार तीच घ्या. स्पोर्ट पिस्तुलं साधारण ३२० ते ३३० मीटर प्रतिसेकंद वेगाच्या स्टँडर्ड काडतुसांसाठी बनलेली असतात. स्वस्तातल्या लॉटनं चाचणी केली आणि बोल्ट पूर्ण मागेच गेला नाही, तर दोष विनाकारण मॅगझिनच्या माथी बसतो.

सातवी पायरी: अडकलं तर दोष कुणाचा?

या पायरीवर वेळ द्या. अडकलं की बोटानं खटकन काढून टाकायची सवय लागली, की पुरावाच हातचा जातो. पिस्तूल लक्ष्याच्या दिशेनंच धरून, बोट ट्रिगरबाहेर ठेवून आधी नीट बघा, मग प्रशिक्षकाला दाखवा.

काडतुसाचं नाक खाली गेलंय आणि रॅम्पच्या खालच्या भागावर टेकलंय, तर फॉलोअर पुढे झुकतोय किंवा स्प्रिंग मऊ आहे, असा पहिला संशय घ्यायचा. नाक आकाशाकडे, काडतूस जवळजवळ उभं राहिलंय, तर लिप्स फाकल्या आहेत आणि त्या काडतूस वेळेआधी सोडताहेत. एकदम दोन काडतुसं बाहेर आली, तरी संशय लिप्सवरच. बोल्ट बंद झाला पण चेंबर रिकामा, म्हणजे बोल्ट काडतुसाच्या वरून गेला. मग मॅगझिन खाली बसतंय का, आत मेण साचलंय का आणि काडतूस कमजोर आहे का, हे तिन्ही तपासा. रिकामं टरफल बाहेर पडण्याच्या वाटेत उभं अडकलं, तर बहुतेक वेळा मॅगझिनचा दोष नसतो. एक्स्ट्रॅक्टर (टरफल ओढून काढणारा आकडा), कमजोर काडतूस किंवा ढिली पकड असू शकते. आणि कडेवर फायरिंग पिनचा ठसा स्पष्ट आहे पण काडतूस उडालंच नाही, तर मॅगझिनला त्यात ओढू नका. मात्र अशा वेळी बोल्ट लगेच उघडू नका. नळी लक्ष्याकडेच ठेवून थांबा आणि रेंज अधिकाऱ्याला सांगा. ते काडतूस उशिरानं उडू शकतं.

आता वहीतला तो शेवटचा रकाना. अडचण दर वेळी पहिल्याच काडतुसाला येत असेल, तर स्प्रिंगचा दाब सगळ्यात जास्त असतानाच घर्षण आडवं येतंय, किंवा भरताना कडा अडकल्यात. दर वेळी शेवटच्याला येत असेल, तर स्प्रिंग वर पोचेपर्यंत तिच्यात जोर उरत नाही. '२ नंबर, पाचवं, नाक खाली', पुन्हा चार दिवसांनी '२ नंबर, पाचवं, नाक खाली' अशी नोंद दिसली, की प्रशिक्षकाला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तरीही उलगडा झाला नाही तर अदलाबदल करून बघा. तेच मॅगझिन, तीच काडतुसं, पण रेंजवर प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली त्याच मॉडेलचं दुसरं पिस्तूल. अडचण मॅगझिनबरोबर गेली तर मॅगझिन दोषी. अडचण तुमच्या पिस्तुलातच राहिली आणि सगळ्या मॅगझिनना येऊ लागली, तर पिस्तूल परवानाधारक गनस्मिथकडे. दोष मॅगझिनचा निघाला तर पकड घेऊन लिप्स स्वतः वाकवू नका. पत्रा एकदा वाकवला की त्याच जागी पुन्हा वाकतो, आणि पुढच्या वेळी नेमका कधी ते सांगता येत नाही. फॉलोअर आणि स्प्रिंग मात्र त्याच मॉडेलची, कंपनीची मिळत असेल तर बदलून घेता येते. बदलली की वहीत रेघ मारून मोजणी शून्यापासून सुरू करा.

आठवी पायरी: पावसाळ्यातली निगा

जून ते सप्टेंबर आपल्याकडे कपाटातली चामड्याची चप्पलसुद्धा बुरशी धरते, मग लोखंडाचं काय सांगावं. लिप्सच्या आतल्या कडेवर तांबूस ठिपके दिसायला लागतात आणि तिथंच काडतूस घासतं. रेंजवरून भिजलेली बॅग आणली की मॅगझिन त्यातून बाहेर काढा, पुसा, आणि सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डब्यात ठेवा. पुड्या महिन्याला बदला.

साफ करताना मॅगझिन रिकामं असल्याची खात्री करा, डोळ्यांवर चष्मा लावा आणि तळपट्टी सरकवताना स्प्रिंगवर अंगठा ठेवा, नाहीतर ती उडते. स्प्रिंग बाहेर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. तिचं वरचं टोक कुठल्या बाजूला होतं हे नंतर आठवत नाही, आणि उलटी बसवली की फॉलोअर झुकतो. आतलं मेण आणि काजळी मऊ ब्रश आणि कोरड्या फडक्यानं काढा. आत तेल घालू नका. तेलावर काजळी चिकटून चिखल होतो, आणि ते काडतुसाच्या सांध्यातून आत झिरपलं तर काडतूसच निकामी होतं. बाहेरून तेलाचं बोट पुसटसं फिरवलं तरी पुष्कळ.

मॅगझिन फरशीवर पडलं, तर ते चालताना दिसत असलं तरी स्पर्धेच्या पेटीतून काढा. लिप्स पुन्हा मोजा, वहीतल्या जुन्या मापाशी ताडा. माप जुळलं तरी सरावाचे शॉट बिनचूक गेल्यावरच ते परत घ्या.

स्पर्धेच्या दिवशी

पास झालेली दोन मॅगझिन न्या, नंबरासकट. सरावाची घरी ठेवा. पेटीत तिसरं दिसलं की घाईत नेमकं तेच हाताला लागतं. अडकलंच तर बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावू नका. पिस्तूल लक्ष्याकडे ठेवून मोकळा हात वर करा आणि अधिकारी येईपर्यंत तसंच थांबा. तुम्ही आधीच बोल्ट उघडलात, तर अडथळा अमान्य धरला जातो आणि न मारलेल्या शॉटचे गुण जातात. मॅगझिन नीट बसवलं नाही म्हणून पडलं किंवा काडतुसं कमी भरली, तरीही तेच. म्हणून बसवल्यावर तळाला तळहातानं एकदा दाबून बघायची सवय सरावातच लावून घ्या. भरतानाही पाच काडतुसं आधी ठोकळ्यात वेगळी काढून ठेवा, म्हणजे मोजण्यात चूक होत नाही.